शैलामावशीची नवमी

जुन्या देवळात आता जुनं फर्निचर विकतात. ऑकलंडजवळच्या टाकानिनीहून निघाल्यापासून मी स्वतःला बजावत आले होते, की सरळ नव्या देवळात जायचं, गुरुजी येऊन थांबतील, उगाच कुठे रेंगाळायचं नाही. पण ब्रिंडरविन्सचा घाट उतरून व्हांगारेत शिरले आणि हात आपोआप टेकाडाच्या रस्त्याकडे वळले. दार उघडं होतं. आत लोकरीची टोपी घातलेली एक बाई हीटरपाशी चहा पीत बसली होती. "किया ओरा, लव्ह. जस्ट लुकिंग?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. खोटंही नव्हतं ते.

लक्ष्मीनारायण उभे होते तिथे आता गाद्या भिंतीला टेकवून ठेवल्यात. बायका बसायच्या त्या बाजूला सोफे, हातांवरचं कापड झिजलेलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरातलं सामान, त्यांच्यामागे मुलांनी विकून टाकलेलं. मी नाक वर करून आमचा जुना वास शोधला. नाही मिळाला. छतावर मात्र धुराचा अलार्म तोच होता, पिवळी पडलेली गोल डबी, आणि बॅटरी संपत आल्यामुळे मधूनच टुक् करून वाजत होती. "त्याच्याकडे लक्ष नको देऊस," बाई इंग्रजीत म्हणाली, "कुणी उंच माणूस आला की बदलून घेईन." आमच्याकडे होता एक उंच माणूस. त्या डबीखालीच उभा असायचा.

अरविंदकाका म्हणजे माझ्या शैलामावशीचे यजमान. मी बारा वर्षांची असताना एका शनिवारी ते खडकांवर गळ टाकायला गेले आणि परत आले नाहीत. गाडी सापडली, डबा सापडला, काका सापडले नाहीत. मावशीनं त्यांना गेलेलं कधीच मानलं नाही. पुढे काही वर्षांनी ती स्वतः गेली तेव्हा आम्ही तिला सवाष्ण म्हणून निरोप दिला, आणि तेव्हापासून दर पितृपक्षात तिची अविधवा नवमी घालतो. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईसाठी असते ही नवमी, आणि तो नवरा आहे तोवरच घालायची असते. म्हणजे दर वर्षी, कुणी विचारो न विचारो, काका आहेत असं आम्ही देवापुढे सांगत आलो. आई-बाबा पुण्याला परत गेल्यापासून सांगणारी मी एकटीच उरले.

यंदा आईचा फोन आला. "आता पुरे कर गं," ती म्हणाली. "मी तरी किती दिवसांची? अरविंदरावांचं काहीच केलं नाही आपण. पाण्याचा थेंब मिळाला नाही त्यांना कुणाच्या हातचा. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात, विचार गुरुजींना. एकदाचं मोकळं कर त्यांना. नवमी बंद झाली तरी चालेल." मी विचारलं, गुरुजी हो म्हणाले. नवमी खरी सोमवारी होती, पण इथल्या सगळ्या तिथ्या शनिवार-रविवारीच येतात. तर आज रविवार, आणि काका गेले असं तोंडानं म्हणायला मी आले होते.

सवाष्ण हा शब्द माझ्या डोक्यात जातो, हे आत्ताच सांगून टाकते. माझ्या घरच्या हळदीकुंकवाला मी कुणाला असलं काही विचारत नाही आणि विचारू देत नाही. तरी मावशीच्या बाबतीत तोच शब्द मी इतकी वर्षं जपत बसलेय.

हा हॉल मुळात बोलिंग क्लबचा. पांढऱ्या कपड्यांतले म्हातारे हिरवळीवर काळे गोळे अलगद सोडायचे, तो खेळ. खेळणारे एकेक करून कमी झाले तसा क्लबनं हॉल भाड्यानं द्यायला काढला आणि शहरातले आम्ही मूठभर लोक तिथे शिरलो. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात; तशा डेअऱ्या चालवणारे दोन-तीन गुजराती, फिजीहून आलेली काही कुटुंबं, हॉस्पिटलातले डॉक्टर आणि नर्सेस, त्यात आमची मावशी, आणि दूध पावडरीच्या कारखान्यातले इंजिनिअर, म्हणजे बाबा आणि काका. क्लबची एकच अट होती. आजवरच्या अध्यक्षांची सोनेरी अक्षरांतली नावं असलेला लाकडी फलक भिंतीवरून हलवायचा नाही. त्यामुळे आमचे देव त्या दिवंगत साहेबांच्या नावांखाली उभे राहिले. देवळाचे सर्वेसर्वा होते जयंतीभाई डेअरीवाले. कुणी कुरकुर केली की ते म्हणत, "रहने दो ना, वो भी किसी के बाप-दादा हैं."

गालिच्यात वर्षानुवर्षं सांडलेली बिअर मुरली होती. धूप घालून ती जाईना. शेवटी दोन्ही वास एकमेकांत मिसळले. मला आजही देवाचा वास म्हणजे धूप, कापूर आणि शिळी बिअर असाच आठवतो, आणि पुण्यातल्या एखाद्या मोठ्या देवळात गेले की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. दूर्वा मिळायच्या नाहीत, म्हणून बागेत माजलेल्या किकुयू गवताचीच कोवळी टोकं खुडून मावशी जुड्या बांधायची. "गणपतीला सांगितलंय मी," ती म्हणायची, "इथलं हेच." दिवाळीत रात्री आठपर्यंत उजेड असायचा. पणत्यांत तेल घालून आम्ही मुलं पायरीवर बसून अंधाराची वाट बघायचो, आणि अंधार पडेपर्यंत निम्मी मुलं पेंगून आयांच्या खांद्यावर गेलेली असायची.

आणि तो अलार्म. आरतीला कापूर पेटला की तो कोकलायला लागायचा. बंद करायची परवानगी नव्हती. मग काकांनी स्वतःला कामाला लावून घेतलं. किचनमधला टी-टॉवेल घेऊन ते बरोबर डबीखाली उभे राहायचे आणि आरती संपेपर्यंत धूर हाकलत राहायचे. सगळे देवाकडे बघून आरती म्हणायचे, काका छताकडे बघून. आवाज भसाडा, शब्द निम्मे चुकीचे.

"देवाला वारा घालायचा सोडून त्या डबीला घालताय," मावशी चिडवायची.

"अगं, ती जागी झाली तर फायर ब्रिगेड येईल. देव जागे झाले तर कोण येणारेय?"

"तोंडाला काही धरबंध?"

"रिलॅक्स, शैला. स्वीट ॲज," काका इथल्या लोकांसारखं म्हणायचे, म्हणजे सगळं ठीक आहे.

सदाशिव पेठेत वाढलेल्या या माणसाला इथे येऊन मासेमारीचं वेड लागलं होतं. खाण्याचा प्रश्नच नव्हता, मावशी घरात शिजवू देत नसे. ते मासे पकडायचे आणि शेजारच्या मेरीला देऊन टाकायचे. कधी लहान मासा असला तर परत सोडायचे. मला एकदा बरोबर नेलं होतं. खडक काळे, शिंपल्यांनी खरबरीत, आणि खाली पाणी इतकं हिरवं की बघत राहावं. काका मला म्हणाले होते, "पाण्याकडे पाठ करायची नाही कधी." बाकी त्या दिवसाचं मला थर्मासमधल्या चहाची चव आणि त्यांच्या जॅकेटचा खारट वास एवढंच आठवतं.

देव जयपूरहून आले. पेटीत गवताची काडी निघाली, आणि बाहेरचं गवत इथे येऊ देत नाहीत, म्हणून ऑकलंडला पोर्टवर अडकून पडले, मग एकदाचे सुटून आले. संगमरवरी लक्ष्मीनारायण, माझ्या खांद्याएवढे, आणि दोघांच्या डोळ्यांवर लाल कापडाची पट्टी. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती सोडायची नसते. आणि प्रतिष्ठा काही होईना. एक पंडितजी ऑकलंडहून यायला मोकळे असायचे तेव्हा मुहूर्त नसायचा, मुहूर्त असायचा तेव्हा ते दुसऱ्यांच्या लग्नात. फिजीवाल्यांचा महिना आमच्याआधी पंधरा दिवस लागायचा. त्यात कुणीतरी प्रश्न काढला, की प्रतिष्ठा उत्तरायणात हवी हे कबूल, पण आपण पृथ्वीच्या खालच्या अंगाला, इथे सूर्य उत्तरेला निघाला की हिवाळ्याची तयारी सुरू होते, तेव्हा इथलं उत्तरायण धरायचं कुठलं? या प्रश्नावर पुरुषमंडळी कित्येक रविवार सुखानं भांडली. तोवर देवांना उपाशी कसं ठेवायचं म्हणून बायकांनी तसाच नैवेद्य दाखवायला सुरुवात केली, मग आरतीही होऊ लागली. डोळे बांधलेल्या देवांची आरती. शास्त्राला धरून नव्हतंच ते, पण सवय लागली.

मला त्या मूर्तींची भीती वाटायची. आंधळी कोशिंबीर खेळताना ज्याच्यावर राज्य असतं तो हात पसरून स्तब्ध उभा राहतो ना, कान देऊन, तसे ते दोघं वाटायचे. आपण जरा हललो की पकडतील. मी पावलांचा आवाज न करता प्रसाद घ्यायचे.

काका गेले ते या पट्ट्या डोळ्यांवर असतानाच.

हेलिकॉप्टर फिरलं, बोटी फिरल्या, आणि मग एका दिवशी थांबल्या. आमच्या घरी इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती. बाबा, जयंतीभाई आणि कारखान्यातले लोक रोज किनारा चालून यायचे आणि बूट बाहेर काढून खाली मान घालून बसायचे. मावशी रडली नाही. हॉस्पिटलात तिनं किती माणसं जाताना बघितली होती, पण इथे बघायला काहीच नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी किनाऱ्यावरच्या वस्तीतले एक वृद्ध माओरी गृहस्थ आले. काठी टेकत, बरोबर मुलगी. ते हळू आवाजात म्हणाले, की त्या पाण्यात माणूस गेलाय, तेव्हा तिथे आम्ही राहुई घातलीय. काही दिवस कुणी मासे धरणार नाही, शिंपले काढणार नाही, पोहणार नाही.

मावशीला ते लगेच कळलं. तिनं आईकडे वळून मराठीत म्हटलं, "समुद्राला सुतक आहे म्हणतायत." मग तिनं त्यांना चहा केला, बिस्किटं ठेवली, त्यांनी म्हटलेली प्रार्थना हात जोडून ऐकली. ते उठले तेव्हा वाकून नमस्कारही केला. दार लावून घेतल्यावर म्हणाली, "फार चांगली माणसं आहेत. पण आपल्याकडे सुतक नाही हं. कुणी पाळायचं नाही." आणि त्या संध्याकाळी तिनं देवापुढे दिवा लावला. समुद्र सुतक पाळत होता आणि आमच्या घरी घंटा वाजत होती. बाबा उठून बाहेर गेले.

त्या रविवारी आम्ही देवळात गेलो. का गेलो कोण जाणे, घरात बसवत नव्हतं म्हणून असेल. आरती सुरू झाली, कापूर पेटला, आणि दुसऱ्याच कडव्याला अलार्म किंचाळायला लागला. टी-टॉवेल किचनच्या कडीला तसाच होता. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. जयंतीभाई खुर्चीवर चढले, हात पुरेना. मुलं कानांवर हात ठेवून रडायला लागली. त्या गोंधळात मी त्या जागेकडे बघितलं तर तिथे मधोमध जागा रिकामी होती, माणसासाठी सोडावी तशी. नकळत सगळे ती सोडूनच उभे राहिले होते. मावशी तिकडे बघून हसली. मी तिचा हात घट्ट धरला, कारण मला तिची भीती वाटली.

घरी येताना गाडीत आई हळूच म्हणाली, "शैला, देवानं असं करायला नको होतं गं."

"त्याला कशाला बोल लावतेस?" मावशी म्हणाली. "त्याचे डोळे बांधलेले होते. त्यानं बघितलंच नाही."

हे ती सहज बोलली, कुणाच्या ड्यूटीच्या वेळा सांगाव्या तशी. पण तेव्हापासून तिनं एकच धरलं. देवाचे डोळे उघडायचे. डोळे उघडले की त्याला दिसेल, दिसलं की तो शोधेल. तिनं जयंतीभाईंच्या डेअरीत जाऊन रोज तगादा लावला. पंडितजींना ऑकलंडला जाऊन भेटून आली. उत्तरायणाचा वाद तिनं एका वाक्यात मिटवला: "सूर्य इथे जसा आहे तसा आहे, तारीख सांगा." बायका तिच्याकडे बघून डोळे टिपायच्या, पण तारीख ठरली.

प्रतिष्ठेच्या दिवशी हॉलची दारं सताड उघडी होती. दाराबाहेर उतरती हिरवळ आणि खाली खाडीचं पाणी, ओहोटीला चमकणारं. पंडितजींनी समजावून सांगितलं, की पट्टी सुटल्यावर देवाची पहिली नजर फार तीव्र असते, ती माणसावर पडू द्यायची नाही. समोर आरसा धरायचा. ती नजर आरसा झेलतो, कधीकधी त्याला तडाही जातो. मग ते म्हणाले, "पाँच सुहागिनें आगे आएँ."

आई पुढे झाली, जयंतीभाईंच्या बायको कोकिळाबेन झाल्या, डॉक्टरांच्या मिसेस झाल्या, फिजीची एक वहिनी झाली. पाचवी जी ठरली होती तिला आदल्याच दिवशी कळा सुरू होऊन हॉस्पिटलात नेलं होतं. बाकीच्या काही लेकी-सुना मुलांना घेऊन मागे, काहींची अडचण. मावशी चपलांच्या रॅकपाशी उभी होती, कुंकू लावून, हिरव्या साडीत. सगळ्या बायकांनी तिच्याकडे बघितलं आणि सगळ्यांनी नजर काढून घेतली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अशुभ नको व्हायला." पंडितजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते घड्याळ बघत होते. मला इतका राग आला होता की माझे कान गरम झाले.

तेव्हा कोकिळाबेन चालत गेल्या आणि स्वतःच्या बाथरूममधून आणलेला मुठीचा आरसा त्यांनी मावशीच्या हातात दिला. "चालो शैलाबेन. आरसो तमे पकडो."

मावशी देवांसमोर बाजूला उभी राहिली, हात लांब करून आरसा मधोमध धरला. आम्ही दोन्ही भिंतींना लागून, मधली वाट मोकळी. पंडितजींनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले नाहीत. पट्टी सुटली. आणि त्या क्षणी मावशीनं आरसा मागे घेऊन छातीशी धरला. देवाच्या समोर काहीच राहिलं नाही, फक्त उघडं दार आणि खाली पाणी. ती पुटपुटली, "बघा आता." मग तिनं आरसा पुन्हा जागेवर आणला, आणि पंडितजींनी डोळे उघडले तेव्हा सगळं शास्त्रशुद्ध होतं.

आरशाला तडा गेला नाही. कोकिळाबेननी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासला. लोक जरा हिरमुसले. मुहूर्त चुकला, उत्तरायण चुकलं, प्रतिष्ठा लागलीच नाही, अशी कुजबुज पुढे कित्येक वर्षं चालली. कुणाचं दुकान बसलं, कुणाचा व्हिसा अडकला की त्या आरशाची आठवण निघायची. मावशी ऐकून घ्यायची आणि ताटात भात वाढत राहायची.

देव बघत राहिले. मोठे, काळेभोर डोळे, दारातून थेट पाण्याकडे. मला आता वेगळीच भीती लागली. आरतीच्या वेळी पाठीमागे दारात कुणी ओलं येऊन उभं राहिलंय असं वाटायचं, आणि देवांच्या डोळ्यांत बघितलं तर ते कळेल असं वाटायचं. मी त्यांच्या पायांकडे बघून आरती म्हणायला शिकले. अजून तशीच म्हणते.

वटपौर्णिमा इथे ऐन थंडीत येते. वड नव्हता, म्हणून खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या पोहुतुकावाच्या झाडाला आई, मावशी आणि कोकिळाबेन सूत गुंडाळायच्या. रेनकोट साडीवर, पायांत गमबूट, पाऊस आडवा. एकदा कुत्रा फिरवायला आलेल्या माणसानं विचारलं, की झाडाचं माप घेताय का, कौन्सिल तोडणार आहे का. कोकिळाबेनना हसू आवरेना. आई वैतागून म्हणाली, "शैला, तू तरी पुरे कर. किती वर्षं फिरणारेस? मान्य कर ना गं बाई." मावशी म्हणाली, "ताई, तुला थंडी वाजत असेल तर गाडीत बस." आणि सुताचा गुंडा हातात घेऊन झाडामागे गेली. सरकारदरबारी तोवर काका मृत ठरले होते. मावशीनं तिथे आडकाठी केली नाही, "त्यांना त्यांचं काम असतं" म्हणाली.

ती आजारी पडली आणि ज्या वॉर्डात तिनं नोकरी केली त्याच वॉर्डात भरती झाली. सोबतच्या नर्सेस ड्यूटी नसतानाही येऊन तिचे केस विंचरायच्या. शेवटी तिनं आईला काही सांगितलं नाही, मला काही सांगितलं नाही, खिडकीचा पडदा तेवढा उघडा ठेवायला लावला.

फ्युनरल होममध्ये तिला तयार करायला आई, कोकिळाबेन आणि मी गेलो. तिथली मुलगी फार अदबीनं वागली, गरम पाणी दिलं आणि दार ओढून घेतलं. आईनं पिशवीतून दोन साड्या काढल्या. एक हिरवी, एक फिकट करडी. दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि ती नुसती बघत राहिली. हीच माझी आई, वर्षानुवर्षं "मान्य कर" म्हणून मावशीच्या मागे लागलेली. मला आठवतं, भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्यानं वाजत होतं आणि मला वाटत होतं, आई, प्लीज, प्लीज.

"ती आधी गेली," आई म्हणाली. "बस." आणि तिनं हिरवी साडी उलगडली. हळदीकुंकवासाठी आणून ठेवलेल्या हिरव्या बांगड्या तिनं आणल्याच होत्या, म्हणजे घरून निघतानाच तिच्या मनाचं ठरलं असावं. मावशीच्या सुजलेल्या हातात त्या चढेनात. आईनं साबण लावला, एकेक बोट दाबून बांगड्या चढवल्या, मळवट भरला, ओटी भरली. शेवटची बांगडी चढली तेव्हा ती खाली फरशीवर बसली आणि "अगं शैले, अगं शैले" म्हणत इतकी रडली, की ती बाहेरची मुलगी दार उघडून बघून गेली.

नव्या देवळाला शिखर आहे, कार पार्क आहे, आणि धूर ओढून घेणारे पंखे आहेत. मी पोचले तेव्हा मागच्या शेडमध्ये गुरुजींची तयारी झाली होती. साताऱ्याकडचे आहेत, आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, माझ्याहून लहान. केळीच्या पानावर दर्भाचा पुतळा निजवला होता. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. मला वाटलं होतं बाहुलीसारखं काहीतरी असेल. तो चांगला लांब होता. "उंच होते म्हणालात ना तुम्ही," गुरुजी म्हणाले. मी मान हलवली. शेडच्या पत्र्यावर ऊन पडलं होतं आणि बाहेर कोव्हायचं झाड पिवळ्या फुलांनी भरलं होतं.

कोकिळाबेन भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. जयंतीभाई जाऊन चार वर्षं झाली. कपाळ मोकळं, हातात काही नाही. त्यांनी मला जवळ घेतलं. "बस बेटा हवे," त्या म्हणाल्या. "एमने जवा दे." काकांना आता जाऊ द्यावं, हे त्यांचं खरं होतं. आईचंही खरं होतं. काका इतकी वर्षं कुठे तिष्ठत असतील, कुणी हाक मारेना, कुणी पाणी देईना, असं मनात आलं. मला काका फार आवडायचे. हे या सगळ्यात कुणी कधी विचारलंच नाही.

गुरुजींनी माझ्या हातात तीळ आणि पाणी दिलं. "आता त्यांचं नाव आणि गोत्र म्हणा. नावापुढे प्रेत म्हणायचं. मग मी मंत्र सांगतो."

पाणी बोटांमधून गळायला लागलं. मी नाव मनात जुळवलं, आणि मला ती साबण लावून चढवलेली बांगडी दिसली. काका त्या शनिवारीच गेले असं मी आज म्हटलं, तर मावशीची त्यानंतरची सगळी वर्षं एका घोटात खोटी होणार होती. कुंकू खोटं, पावसातलं सूत खोटं, आईनं त्या खोलीत जे केलं ते खोटं. तिला विचारायला ती नव्हती. तिची बाजू घ्यायला या जगात मी सोडून कुणी नव्हतं. काकांवर हा अन्याय होता, आणि तो मी जाणूनबुजून करत होते.

मी हातातलं पाणी परत भांड्यात सोडलं. "गुरुजी, आज फक्त मावशीची नवमी करू."

"आणि हे?" त्यांनी पुतळ्याकडे बघितलं.

"हे नको. काका आहेत."

कोकिळाबेननी डोळे मिटून घेतले. गुरुजींनी खाली वाकून पुतळ्याच्या गाठी सोडायला सुरुवात केली, नारळ बाजूला ठेवला, दर्भ सारखा करून जुडी बांधली. अवघडल्यासारखं होऊन काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "वय काय हो त्यांचं?"

"अडुसष्टावं चालू आहे," मी म्हटलं.